तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं सारखंच, मग भांडता कशावरून?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला आमच्या डब्यातल्या भजनी मंडळाच्या बुवांनी. संध्याकाळची डोंबिवली फास्ट. एका कोपऱ्यात बुवांचं मंडळ टाळ-ढोलकी घेऊन, आणि दाराशी आम्ही चौघं हेवी मेटलचे, म्हणजे गिटारींच्या दणदणाटातल्या रॉकचे, वेडे; ऑझी आणि डिओ या दोन गायकांत मोठा कोण यावरून हमरीतुमरीवर आलेले. भायखळा सोडताना एक अभंग संपला आणि पुढचा सुरू व्हायच्या आत बुवा आमच्याकडे वळून म्हणाले, "अरे बाबांनो, तुमचं ते सगळं सारखंच तर ऐकू येतं. नुसता पत्रा बडवल्यासारखं. मग रोज भांडता कशावरून?"

पत्रा बडवण्याबद्दल बुवांनी बोलावं हे जरा अतीच होतं. ढोलकीवाला येत नाही त्या दिवशी त्यांचं अख्खं मंडळ डब्याच्या पत्र्यावरच ठेका धरतं. पण तेव्हा दादर आलं, गर्दी आत घुसली आणि उत्तर राहून गेलं. मग तोच प्रश्न बायकोने विचारला, ऑफिसात विचारला गेला, भाचीने तर "मामा, खरं सांग" अशी प्रस्तावना करून विचारला. म्हणून आता एकदा नीट सांगतो.

आम्ही चौघं म्हणजे एक ठाण्याचा डिओभक्त, एक मेगाडेथवाला, एक आयर्न मेडनवाला आणि मी. मी ब्लॅक सॅबथचा, आणि त्यातही ऑझीच्या काळातल्या सॅबथचा. हे चौघं एका बाकावर बसले की शांतता नांदणं शक्य नाही. सारखं ऐकू येत नाही म्हणून तर भांडण होतं. सारखं वाटलं असतं तर कोणताही एक बँड धरून आम्ही गुपचूप मोबाइलमध्ये तोंड घातलं असतं.

ऑझी की डिओ हेच बघा. ब्लॅक सॅबथ हा बर्मिंगहॅममधल्या अ‍ॅस्टन भागातल्या चार कामगार पोरांचा बँड. १९७९ मध्ये त्यांनी ऑझी ऑस्बोर्नला काढलं आणि त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला. १९८० मध्ये 'हेवन अँड हेल' हा अल्बम निघाला. तेव्हापासून जगभरातले सॅबथवाले दोन तटांत उभे आहेत. डिओभक्ताचं म्हणणं, ऑझीला गाता येत नाही. मी म्हणतो, मग? ऑझी गिटारच्या मागोमाग जातो. 'आयर्न मॅन' ऐका: गिटार जी चाल वाजवते, तीच तो तोंडाने म्हणतो, स्वर न् स्वर. आपल्याकडे पेटीवाला गायकाची सावली धरतो, इथे गायकानेच गिटारची सावली धरली आहे. डिओ तसं करत नाही. गिटार खाली आपला तुकडा घोळवत बसते आणि तो वरून स्वतःची वेगळी चाल बांधत जातो. एकाच बँडची ही दोन वेगळी गाणी झाली. कुठलं आवडतं यावरून माणूस कसा ऐकतो ते कळतं. डिओभक्त पहिल्यांदा गळा ऐकतो, मी पहिल्यांदा गिटार ऐकतो. कित्येक वर्षं आम्ही एकमेकांना दुसरं काहीतरी ऐकायला लावतोय.

एका बाबतीत मात्र मी डिओपुढे हात टेकतो. मेटलच्या गर्दीत तर्जनी आणि करंगळी वर करून दाखवतात ती खूण त्याने रुजवली. ऑझी दोन बोटांची शांततेची खूण करायचा, तेव्हा आपली काहीतरी वेगळी असावी म्हणून डिओने ही उचलली. कुठून, तर त्याच्या इटालियन आजीकडून. दृष्ट लागू नये म्हणून ती तसा हात करायची. आता दृष्ट काढणारी आजी म्हटल्यावर मी काय बोलणार? माझ्या आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायच्याऐवजी दोन बोटं वर केली असती, तर मीही ती घेऊन मैदानात गेलो असतो.

माझं आवडतं गाणं कोणतं, हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग. उत्तर गेली तीस वर्षं बदललेलं नाही. बँडचं नाव ब्लॅक सॅबथ, अल्बमचं नाव 'ब्लॅक सॅबथ', आणि त्यातलं पहिलं गाणं, नाव पुन्हा तेच. अल्बम निघाला १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी. वाद्यं आणि गाणं मिळून जवळजवळ सगळा अल्बम एका दिवसात ध्वनिमुद्रित केलेला. सुरुवातीला पाऊस, लांब कुठेतरी चर्चची घंटा (ही दोन्ही नंतर जोडली), आणि मग गिटारचे तीन स्वर.

ते तीन स्वर मी कॉलेजात असताना आत्याला ऐकवले होते. आत्या गाण्यात विशारद. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, या शेवटच्या स्वराच्या अंतराला युरोपातल्या जुन्या संगीतशास्त्रात 'संगीतातला सैतान' असं नाव पडलं होतं. (चर्चने त्यावर बंदी घातली होती असंही तेव्हा सांगितलं. ती लोकांनी रंगवलेली गोष्ट आहे हे मला पुढे कळलं.) आत्या भाजी निवडत होती. तिने तिथल्या तिथे म्हणून दाखवलं: सा, वरचा सा, तीव्र मध्यम. "यात सैतान कुठाय? हा तर यमनातला म. दिवेलागणीला म्हणतो आपण." मग थोडं थांबून, "पंचम लावत नाहीत वाटतं. म्हणून अधांतरी वाटतंय. पण भुतं बोलवायची तर मालकंस गायचा, एवढं कशाला करायचं!"

मी चिडलो होतो तेव्हा. माझ्या सैतानाला तिने तुळशीपुढे नेऊन बसवला होता. पण त्या दिवसापासून मला ते गाणं दोन्ही कानांनी ऐकू येतं, आणि मेटलवर कोणी मला शिकवलेली ती सगळ्यात कामाची गोष्ट आहे. स्वर एकच असतो, शेजारी कोणाला बसवता आणि कोणाला उठवता त्यावर तो देवघरात जातो की स्मशानात ते ठरतं. डब्यात मी हे मांडलं तेव्हा मेगाडेथवाला म्हणाला, आत्याला आपल्या ग्रुपमध्ये घे.

याच गाण्यावरून दर वर्षी एक चूक कोणीतरी करतं आणि ती दुरुस्त करायचा मान मी सोडत नाही. सॅबथचा गिटारवाला टोनी आयॉमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा वाजवतो, म्हणजे नेमकी तारा दाबायची बोटं. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि वाजवत राहिला. इथवर बरोबर. पुढे लोक सांगतात की बोटं दुखायची म्हणून त्याने तारा सैल केल्या आणि त्यातून पहिल्या अल्बमचा तो जड आवाज आला. चूक. पहिल्या अल्बमवर गिटार नेहमीच्याच सुरात लावलेली आहे. तारा खाली उतरवल्या त्या १९७१ च्या तिसऱ्या अल्बमवर. पहिल्याचा जडपणा तारांतून येत नाही, तो येतो संथपणातून. त्या पोरांना घाई नव्हती.

मेटॅलिका आणि मेगाडेथ या दोन बँडचा वाद मला खरं तर कंटाळवाणा वाटतो, कारण त्यात संगीतापेक्षा भाऊबंदकी जास्त आहे. गिटारवाल्या डेव्ह मस्टेनला मेटॅलिकाने १९८३ च्या एप्रिलमध्ये काढलं, पहिला अल्बम यायच्या तोंडावर, आणि न्यूयॉर्कहून बसमध्ये बसवून कॅलिफोर्नियाला घरी पाठवलं. त्याने जाऊन मेगाडेथ काढला. मेगाडेथवाला हे सांगताना आजही असा सांगतो की जणू त्याच्याच चुलत्याने जमीन बळकावली आहे. पण त्यात एक जागा सुरेख आहे. मस्टेनने मेटॅलिकात असताना आणलेलं एक गाणं दोघांच्याही पहिल्या अल्बमवर आहे. मेटॅलिकाकडे ते 'द फोर हॉर्समेन' झालं, वेग थोडा आवरून आणि मधे एक सावकाश तुकडा घालून. मेगाडेथकडे १९८५ मध्ये तेच 'मेकॅनिक्स' झालं, शेपटीला आग लागल्यासारखं. एक बंदिश, दोन घराणी. ही दोन गाणी लागोपाठ ऐकली की बाकीचं सगळं भांडण दहा मिनिटांत समजतं. मला मेटॅलिकाचं आवडतं. मेगाडेथवाल्याने हे वाचू नये.

मेटॅलिकाच्याच १९८८ च्या अल्बममध्ये बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. आधीचा बासवाला क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, नवीन जेसन न्यूस्टेड आला, आणि मिक्सिंगच्या वेळी त्याचा आवाज खाली ओढला गेला. का, यावर जगभर वाद आहेत. माझा वाद वॉकमनशी झाला. कॅसेट लावली, खर्ज नाही. दुसरी लावली, आहे. पुन्हा पहिली, नाही. शेवटी वॉकमन दुरुस्तीला टाकला. दुरुस्तीवाल्याने चार दिवस ठेवून घेतला, हेड साफ केलं म्हणून पैसे घेतले आणि परत दिला. बास अर्थातच आलेला नव्हता. पण त्या चार दिवसांत मी बास म्हणजे काय आणि तो नसला की गाण्याखालची जमीन कशी निघून जाते, हे शिकलो. आत्याच्या पंचमासारखंच ते, काय नाही ते ऐकायला शिकणं.

मेडनवाल्याबद्दल थोडक्यात, कारण तो बोलायला लागला की कल्याण येतं. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडनने आपला जागतिक दौरा मुंबईत सुरू केला, वांद्रे-कुर्ला संकुलात. विमान खास दौऱ्यासाठी भाड्याने घेतलेलं, आणि वैमानिकांमध्ये गायक ब्रूस डिकिन्सन. आम्ही चौघंही गेलो होतो. मेडनवाल्याचं सर्वोत्तम गाणं तेरा मिनिटांहून लांब, इंग्रज कवी कोलरिजच्या खलाशाच्या कवितेवर बेतलेलं. मी वर्षानुवर्षं त्याला म्हणायचो, हे गाणं नाही, कीर्तन आहे. त्या रात्री ते वाजलं. मधे एका ठिकाणी सगळं थांबतं आणि वारा पडलेल्या जहाजासारखं गाणं जागच्या जागी उभं राहतं. एवढी माणसं, आणि माझ्या शेजारचा श्वास घेतोय ते मला ऐकू येत होतं. ते कीर्तन होतं हे माझं मत कायम आहे, फक्त ती तक्रार राहिली नाही. परत कुर्ला स्टेशनपर्यंत चालत आलो तेव्हा चौघांचेही आवाज बसले होते. भांडण न होता डोंबिवली आलेली ती एकमेव खेप.

मागच्या वर्षी, ५ जुलै २०२५ ला, मूळ चौघांचा सॅबथ शेवटचा वाजला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर, म्हणजे त्यांच्या अ‍ॅस्टनमध्येच. ऑझी उभा राहू शकत नव्हता, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. इकडे मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. चौघं आपापल्या घरी, कानात इयरफोन घालून, घरच्यांना न उठवता. आवाज कुठे कुठे साथ देत नव्हता, आणि मला भीती होती की आता डिओभक्ताचा मेसेज येणार. आला. लिहिलं होतं, "गातोय रे." त्यानंतर १७ दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. ७६ वर्षांचा होता.

त्याच आठवड्यात बुवा दाराशी आले. "पेपरात फोटो पाहिला. तुमच्यातलाच ना तो?" म्हटलं, हो. "आण बघू इकडे, काय म्हणत होता तो." घाटकोपर सुटलं होतं. मी त्यांच्या कानात इयरफोन घातले आणि ते पहिलं गाणं लावलं. बुवांनी डोळे मिटले, गुडघ्यावर बोटाने ठेका धरला. ठेका इतका संथ की डिओभक्ताने मला कोपर मारलं, झोपले की काय. झोपले नव्हते. शेवटी गाणं धावायला लागतं तिथे त्यांचं बोटही धावलं. मग डिओभक्ताने आपला हक्क बजावला आणि 'हेवन अँड हेल' लावलं. तेही ऐकलं त्यांनी पूर्ण. इयरफोन काढून हातात दिले.

"दोन्हीकडे शेवटी लय वाढवलीये. आमचंही तसंच असतं."

"पण बुवा, कोण मोठा?" डिओभक्ताला राहवेना.

बुवांनी थोडा विचार केला. "हा दुसरा गातो. पहिला गात नाही, तो घाबरलाय. खरंच घाबरलाय." एवढं बोलून ते टाळ उचलायला गेले, कारण ठाणं येत होतं आणि त्यांचा शेवटचा अभंग व्हायचा होता.

डिओभक्त म्हणाला, ऐकलंस? बुवा म्हणाले हा गातो, विषय संपला. मी म्हटलं, अरे, खरंच घाबरलाय म्हणाले, याहून मोठी दाद काय असते? मेडनवाला म्हणाला, बुवांना माझंही एक ऐकवायचं होतं. मेगाडेथवाला म्हणाला, तेरा मिनिटं? दिवा येईपर्यंत बुवांच्या त्या दोन वाक्यांचा आम्ही पार चोथा केला होता, आणि मागून मंडळाने पत्र्यावर असा ठेका धरला होता की एकमेकांना ऐकू जावं म्हणून ओरडावं लागत होतं.