मागे काय लावायचं?

२८ मिलिमीटर उंचीचा एक शिपाई, म्हणजे हाताने रंगवायचा इवलासा पुतळा, मिनिएचर. त्याची बुबुळं रंगवताना श्वास रोखून धरलेला असतो, चिलखताच्या कडांवरून केसाएवढी उजळ रेघ ओढलेली असते, बुटांवर हवा तेवढाच चिखल असतो. मग गडी फोटोसाठी टेबलावर उभा राहतो आणि त्याच्या मागे दिसतं काय, तर चार्जरची वायर, ब्रश बुडवायचा मग आणि भिंतीवरचं बटण. मागे काहीतरी लावायला हवं, इथवर रंगवणाऱ्या सगळ्यांचं एकमत असतं. काय लावायचं, यावर मात्र ज्याचं त्याचं मत वेगळं, आणि ते ठाम.

पहिला हात जातो पांढऱ्या कागदाकडे. तो घरात असतोच. वरची कड मागे टेकवायची, खालचा भाग घडी न घालता टेबलावर अलगद वळवून आणायचा, की भिंत कुठे संपली आणि जमीन कुठे सुरू झाली ते कळत नाही. इथपर्यंत उत्तम. पण फोटो पाहावा तर कागद मळकट करडा आणि शिपाई काळवंडलेला. रंगकामाचा यात काही दोष नाही. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं असणार, असं कॅमेऱ्यातला प्रकाशमापक गृहीत धरून बसलेला असतो. छायाचित्रकार ज्याला १८ टक्के करडा म्हणतात, तो हा. सगळीकडे पांढरंच दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सरसकट सगळंच अंधारं करून टाकतो. काळ्या कागदापुढे याच्या नेमकं उलट: गालावर थरावर थर देऊन आणलेली छटा एका फटफटीत ठिपक्यात वाहून जाते. म्हणून पांढऱ्यापुढे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा आत घेतो तो उजेड, वाढवायचं आणि काळ्यापुढे उतरवायचं. आधीच पांढरं, त्यात आणखी उजेड कशाला, असं वाटतं खरं. पण वाढवायचाच.

हे झालं कॅमेऱ्याचं. डोळाही काही कमी नाही. मिशेल-यूजेन शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथल्या भिंतपटांच्या विणकामात काळा रंग हवा तसा गडद उठत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने लोकर तपासली, रंग तपासला आणि निष्कर्ष काढला की काळ्यात खोट नाही, त्याच्या शेजारच्या रंगांमुळे तो फिका वाटतो. या शेजाराचे नियम त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. मिनिएचरच्या मागे रंगीत कागद धरून बघा, ते लगेच प्रत्ययाला येतात. हिरव्या कागदापुढे कातडीचा रंग लालसर होतो, लाल कागदापुढे तीच कातडी रोगट हिरवट वाटते, आणि साध्या करड्या झग्यामागे नारिंगी कागद आला की झगा निळसर दिसू लागतो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. इथे वाणच लागतो, आणि तोही उलटा!

कागद फार जवळ असेल तर सुलटाही लागतो. दिव्याचा उजेड कागदावर आपटतो आणि कागदाचा रंग घेऊन मिनिएचरच्या कडांवर परततो. चंदेरी धातुरंगाने रंगवलेला खांद्यावरचा गोल पत्रा भिंगातून पाहावा: वर दिव्याचा पांढरा ठिपका, मध्ये टेबलाचा अंधार आणि सावलीकडच्या कडेला कागदाच्या निळ्या रंगाची बारीक चंद्रकोर. ती रंगवलेली नसते, मागून आलेली असते. कधी ती इतकी छान दिसते की काढावीशी वाटत नाही. पण चेहऱ्यावर, जबड्याच्या कडेला तसाच निळा आला की शिपाई थंडीने गारठल्यासारखा दिसतो. कागद वीतभर मागे सरकवला की हा उपद्रव बराच कमी होतो.

मागे सरकवण्याचे फायदे एवढ्यावर संपत नाहीत. शिपायाची सावली कागदावर पडत नाही, कागदाचा पोत धूसर होतो, आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे कागदाचा रंगच बदलतो. छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दिव्यापासून शिपाई २० सेंटिमीटरवर आणि कागद ४० वर असेल, तर कागदाला मिळतो चौथा हिस्सा. ६० वर नेला तर नववा. म्हणजे एकच करडा कागद जवळ असताना फिकट, जरा लांब गेला की गडद, आणखी लांब नेला की जवळपास काळा. रंगीत कागदांची चळत जमवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण माझं मत करड्यालाच. फक्त तो चकचकीत नको. चकचकीत कागदावर दिव्याचं वर्तुळ उमटतं, आणि पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

यावरची पायरी म्हणजे वर गडद आणि खाली फिकट होत जाणारा कागद. असे छापील मिळतात. दिव्यापुढे पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरून कागदाच्या वरच्या भागावर सावली पाडली, तरी तेच काम होतं. हा प्रकार इतका का खुलतो, याचं उत्तर रंगवण्याच्या पद्धतीत आहे. उजेड डोक्यावरून येतोय असं मानूनच बहुतेक मिनिएचर रंगवतात, बरेच जण तर प्रायमरही, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थरही, आधी सगळीकडून काळा आणि मग फक्त वरून पांढरा फवारतात. त्यामुळे डोकं-खांदे उजळ, पाय अंधारात. मागचा कागद याच्या बरोबर उलट चालला की उजळ चेहऱ्यामागे अंधार येतो आणि काळपट बुटांमागे उजेड. वरपासून खालपर्यंत कुठेही कड हरवत नाही.

काळी मखमल ही काहींची श्रद्धा आहे. काळा कागद दिव्याखाली करडा पडतो, मखमलीची लव मात्र उजेड गिळते, हे खरंच. पण पायाखालच्या चकतीची कड काळी रंगवायची अनेकांची रीत असते. ती मखमलीत विरघळते आणि शिपाई अधांतरी तरंगतो. काळे केस असतील तर तेही जातात. मागून एक बारीक दिवा देऊन कड उजळवली तरच निभाव लागतो. शिवाय मखमलीला तूस चिकटतं. ४ मिलिमीटरचा धागा या शिपायाच्या मापाने जवळजवळ वीतभर होतो.

डोंगर, ढग, पेटलेला किल्ला असे छापील देखावे मला फारसे रुचत नाहीत. त्यात क्षितिजाचा घोळ असतो. मागच्या चित्रातलं क्षितिज कॅमेऱ्याच्या उंचीला हवं. आपण वरून खाली बघत फोटो काढतो, चित्रातलं क्षितिज शिपायाच्या गुडघ्याशी असतं, आणि मग इतकं मेहनतीने उभं केलेलं पात्र खेळणं होऊन बसतं. त्यात डोंगर रेखीव असला की संपलंच. इतक्या जवळून काढलेल्या फोटोत मागचं सगळं धूसरच यायला हवं. मॉनिटरवर ढग लावून त्यापुढे मिनिएचर उभं करण्याची युक्तीही चालते, पण पडद्याचा उजेड साधारण ६५०० केल्विनचा निळसर आणि टेबलावरचा बल्ब २७०० चा पिवळा असेल, तर दोघांचं कॅमेऱ्यात पटत नाही.

खरं म्हणजे मागचा कागद रंग निवडतानाच काढावा. प्रायमर मारलेलं मिनिएचर त्यापुढे धरलं की झगा कुठल्या रंगाचा नको, एवढं तरी ठरतं. अख्ख्या पलटणीसाठी मागे एकच कागद ठेवला तर फोटो एका घरातले वाटतात, म्हणून मी तो सहसा बदलत नाही. अडचण येते ती जादूगाराची. करडी दाढी, करडा झगा, करडी टोपी, हातात करड्या लाकडाची काठी. माझ्या लाडक्या करड्यापुढे त्याची फक्त बुबुळं दिसतात. त्याच्यापुरता फिकट निळा कागद लावते, आणि झग्याला त्यामुळे चढणारी नारिंगी झाक चालवून घेते.