पाव किलो शांतता

समोरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा आमच्या सोसायटीत प्रत्येकाने आपापल्या फ्लॅटच्या भावाचा हिशेब केला. मी कानांचा केला. डोंबिवलीतलं आमचं घर वन बीएचके. हॉलमध्ये खिडकीशी मुलीचं जुनं अभ्यासाचं टेबल आहे, तेच माझं ऑफिस. आठवड्यातले तीन दिवस मी तिथे बसतो. लोकलची गर्दी टळली म्हणून सुरुवातीला मी भलताच खूश होतो. मग लक्षात आलं की घर हासुद्धा एक चालू कारखाना आहे आणि इतकी वर्षं मी पहिल्या पाळीला गैरहजर असायचो.

सकाळी साडेनऊला माझी पहिली मीटिंग. बरोबर त्याच वेळी आमचा कुकर लागतो. वरच्या मजल्यावर कोणीतरी खलबत्त्यात काहीतरी कुटत असतं. रोज काय कुटतात, देव जाणे. खाली भंगारवाला येतो. त्याने हाळी द्यायचं सोडून बॅटरीवरचा भोंगा घेतलाय आणि त्यात स्वतःचाच आवाज भरून ठेवलाय, त्यामुळे तो दमला तरी आवाज दमत नाही. आणि आई फोनवर असते. आईला जरा कमी ऐकू येतं, म्हणून समोरच्यालाही कमीच ऐकू येत असणार असं ती धरून चालते. या सगळ्यात आता समोर पाया ठोकणाऱ्या पायलिंगच्या मशीनची भर पडली.

निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबलच्या वर आवाज नको, असा नियम २००० सालापासून आहे. आमचा भंगारवाला तो एकटाच मोडतो.

ऑफिसातला एक जण म्हणाला, “नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घे, बाहेरचा आवाज मारणारे. आणि ओव्हर-इअरच घे. कानात खुपसायचे घेऊ नकोस, दुपारपर्यंत कान ठणकतात.” झालं, तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. रात्री जेवण झालं की हेडफोनचे व्हिडिओ. लग्नासाठी मुली बघितल्या तेव्हा मी एवढे प्रश्न विचारले नव्हते, असं बायको म्हणाली. खरं तर तेव्हा एकही विचारला नव्हता, सगळे मामांनीच विचारले.

त्या व्हिडिओंमध्ये एक गोष्ट मला खटकायला हवी होती, ती खटकली नाही. जो तो विमानात बसून हेडफोन तपासत होता. “इंजिनाचा आवाज बघा कसा गायब होतो,” म्हणत होता. डोंबिवलीत इंजिन कुठलं, हा प्रश्न मला पडलाच नाही.

आता कळतंय की त्या वस्तूची कुंडलीच विमानातली आहे. एका आवाजावर उलटा आवाज सोडून दोघांनाही संपवायचं, ही कल्पना तशी जुनी; पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला १९३६ साली अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं होतं. पण ते कागदावर. पुढे १९७८ मध्ये अमर बोस झुरिकहून बोस्टनला विमानाने निघाले होते. हे बोस म्हणजे स्पीकरवाले, वडील कलकत्त्याहून निसटून अमेरिकेला गेलेले क्रांतिकारक. विमानात मिळालेले हेडफोन त्यांनी कानाला लावले, तर इंजिनाच्या घरघरीत गाणं काही धड ऐकू येईना. दुसरा कोणी असता तर हेडफोन काढून झोपला असता. यांनी तिथेच सीटवर बसून गणित मांडायला घेतलं. १९८६ साली दोन वैमानिकांनी वाटेत कुठेही न उतरता, इंधनही न भरता नऊ दिवसांत जगाला फेरी मारली, त्यांच्या कानांवर या हेडफोनचे कच्चे नमुने होते. वैमानिकांसाठी ते बाजारात आले १९८९ मध्ये. तुमच्या-आमच्यासाठी त्यानंतर आणखी अकरा वर्षांनी.

म्हणजे हे यंत्र घडलं ते नऊ दिवस एकाच सुरात घरघरणाऱ्या इंजिनावर. ते चालतं कसं, तेही साधं आहे. हेडफोनच्या कानावरच्या वाटीच्या बाहेर-आत बारीक माइक असतात. बाहेरच्या आवाजाची लाट आली की आतला स्पीकर तिच्या बरोबर उलट लाट काढतो. तिकडे उंचवटा तर इकडे खड्डा, बेरीज शून्य. आता खर्जातली लाट लांबलचक असते. शंभर हर्ट्झची धरली तर जवळपास साडेतीन मीटर, म्हणजे आमच्या हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. ती ऐसपैस येते, तिला गाठायला वेळ मिळतो. कुकरच्या शिटीची लाट दहा-बारा सेंटिमीटरची. ती आली म्हणेपर्यंत गेलेली असते. तिला अडवायचं काम मग गुपचूप वाटीची गादी करते, जेवढं जमेल तेवढं. माणसाचं बोलणंही तसंच: क्षणाक्षणाला बदलणारं, पुढचा शब्द कोणता ते कळू न देणारं. थोडक्यात, हे यंत्र तंबोरा पुसतं आणि गवई शिल्लक ठेवतं.

हे ज्ञान मला पैसे भरल्यानंतर झालं.

ठाण्याच्या एका मोठ्या दुकानात मी गेलो. तिथे हेडफोन ओळीने स्टँडवर मांडलेले, प्रत्येकाला वायर लावून जखडलेलं, जनावरं बाजारात बांधतात तसं. दुकानातल्या पोराने माझ्या डोक्यावर एक चढवला, बटण दाबलं आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याला माहीत होतं आता काय होणार ते. दुकानाचा एसी होता, वर पंखे होते, बाहेर रस्त्यावरच्या गाड्यांची एक सलग गुरगुर होती, हे सगळं मला ऐकू येत होतं हेच मुळी मला माहीत नव्हतं. ते बंद झालं तेव्हा कळलं. घरात लाइट गेल्यावर पंखा, फ्रिज, टीव्ही सगळं एकदम बसतं आणि माणसं उगाचच हळू बोलायला लागतात, तसं झालं. कानांना किंचित दाब जाणवला, लिफ्ट भरकन खाली जाताना जाणवतो तसा. पोरगा काहीतरी म्हणाला. मला वाटतं “हो गया काम” असं म्हणाला.

पण मी घाई केली नाही. आमच्या घराण्याचे कान मोठे आहेत. आजोबांच्या फोटोत आधी कान दिसतात, मग आजोबा. त्यामुळे पहिल्या हेडफोनच्या वाटीत कान मावेना, पाळी बाहेर लोंबत राहिली. ओव्हर-इअर म्हणजे कान पूर्ण पोटात घेणारा. कडा कानावर टेकली की दीड तासात डोकं उठतं. दुसऱ्याची पकड अशी की जबड्याला कळावी. तिसरा बसला छान, पण चष्मा. चष्म्याच्या काड्या गादीखालून गेल्या की तिथे बारीक फट राहते आणि नेमका तिथून आवाज आत शिरतो. मी चष्मा काढून बघितला, तर शांतता वाढली पण किमतीची पाटी दिसेना. हे मात्र सोयीचं होतं.

मग वजन. पोरगा अभिमानाने म्हणाला, “सर, सिर्फ ढाई सौ ग्राम.” अडीचशे ग्रॅम म्हणजे पाव किलो. पाव किलो भेंडी हातात धरली तर काहीच वाटत नाही. तीच डोक्यावर ठेवून साडेनऊ ते साडेसहा बसून बघा. मी दुकानात पंधरा मिनिटं तो घालून नुसता उभा राहिलो, मान हलवली, शिंकलो. हेडफोन घ्यायला जाणाऱ्याला माझा एवढाच सल्ला आहे: आवाज नंतर ऐका, आधी पंधरा मिनिटं घालून उभे राहा. बॅटरी तीस तास चालते की चोवीस, यावर मी दोन रात्री घालवल्या होत्या. आपण इथे सलग तीस तास जागे तरी कधी असतो?

बावीस हजार नऊशे नव्वद. घरी आईने विचारलं, “केवढ्याला?” मी म्हटलं, “चार हजार.”

“चार हजार! कानाला लावायला?” ती म्हणाली. “कापूस घातला असतास.”

मग तिने खोका उचलला. जाड पुठ्ठ्याचा, आतून मखमलीसारखा, झाकण लोहचुंबकाने टक्कन लागणारं. “हा मला दे, गोळ्या ठेवायला होईल,” म्हणाली आणि घेऊन गेली. बीपीच्या, थायरॉइडच्या, गुडघ्याच्या पट्ट्या आता त्यात राहतात. माझ्या खरेदीतला निर्विवाद उपयोगी भाग तो.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी हेडफोन चढवून बसलो. पंखा गेला, फ्रिज गेला. पायलिंगच्या मशीनची घुरघुर बरीच उतरली, पण दणका मात्र पोचत राहिला, कारण तो कानातून येत नव्हता, खुर्चीतून येत होता. खुर्चीला काही उपाय नाही. आणि मग कुकर. मागे पंखाच नाही म्हटल्यावर त्या शिटीला सगळं मैदान मोकळं. अगदी मैफलीत एकटीच उठून गायला लागावी, तशी. बंगळुरूहून साहेब म्हणाले, “समवन्स कुकर इज ऑन, प्लीज म्यूट.” मी बावीस हजार नऊशे नव्वद रुपयांच्या आतून दचकलो. अरे, पण हे तर नॉइज कॅन्सलिंग!

तेव्हा मला उमगलं की ती शांतता माझ्या एकट्यासाठी आहे. माझ्या कानावर येणारा आवाज मारणं हे एक काम, आणि माझ्या माइकमधून पलीकडे जाणारा आवाज गाळणं हे वेगळंच काम. दुसऱ्या कामासाठी ती कॉल सेंटरवाली तोंडासमोर दांडी येणारी स्वस्तातली जोडी पुष्कळदा बरी पडते, कारण तिचा माइक तोंडाजवळ असतो, कानशिलावर नसतो. शिवाय ब्लूटूथवर माइक चालू झाला की कानातला आवाजही एकदम पातळ होतो, जुन्या ट्रंक कॉलसारखा. दोन्ही बाजूंची वाहतूक एवढ्याशा गल्लीतून न्यायची म्हटल्यावर आणखी काय होणार. आता मी गाणी मोठ्या हेडफोनवर ऐकतो आणि मीटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा ठेवतो. हे इतकं साधं तीन आठवड्यांत एकाही व्हिडिओने सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी रंग बघत असेन.

आणखी एक भानगड. आपला स्वतःचा आवाजही आपल्याला नीट ऐकू येत नाही, मग माणूस नकळत चढा बोलतो. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो हे लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच नोंदवून ठेवलंय. इथे गोंगाट नसतानाही तेच. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, “ऑफिसात काही प्रॉब्लेम चाललाय का रे? सर्व्हर डाऊन आहे म्हणे.”

घरच्यांनी जुळवून घेतलं. मुलगी व्हॉट्सॲप करते, आतल्या खोलीतून. बायको समोर येऊन हात हलवते, विमान उतरवतात तसा. आईने स्वतःची पद्धत काढली: ती दारातल्या बटणाने ट्यूबलाइट दोनदा बंद-चालू करते. दोनदा म्हणजे चहा, तीनदा म्हणजे जेवण. एकदा पाच वेळा झाली तेव्हा मी धावत गेलो, तर सिलिंडरवाला आला होता. घामाचं मात्र कोणाला जुळवून घेता आलं नाही. एप्रिलमध्ये त्या गाद्या म्हणजे कानांवर दोन गरम इडल्या. दर तासाला काढून पुसाव्या लागतात. खोट्या चामड्याचे पुढेमागे काळे पापुद्रे निघतात म्हणे, ते होईल तेव्हा बघू.

परवा दुपारची गोष्ट. मीटिंग होती, पण माझं बोलायचं काही नव्हतं. माइक बंद, कॅन्सलिंग चालू, पलीकडे कोणीतरी स्लाइड दाखवण्याची परवानगी मागत होतं आणि ती त्याला मिळत नव्हती, त्यामुळे सगळे गप्प. अशा वेळी कान अगदी रिकामे असतात. आणि त्या रिकामपणात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. एरवी डोक्यावरच्या पंख्याच्या खडखडीत तिचे अर्धे शब्द हरवतात. आता पंखा नव्हता. एकेक अक्षर सुटं, निवडलेल्या तांदळासारखं. ती सांगलीच्या मावशीशी फोनवर बोलत होती.

“नाही गं, त्याला काही ऐकू येत नाही. झापडं लावून बसलाय कानाला. आपण काय वाट्टेल ते बोलावं.”

मग बराच वेळ मावशीचं ऐकलं.

“मला म्हणाला चार हजार. मीही म्हटलं, बरं. अगं, बिल खोक्यातच होतं ना, तळाच्या पुठ्ठ्याखाली. तेवीस हजार! गोळ्यांखाली ठेवलंय घालून. कधी वॉरंटीला लागलं तर शोधत बसेल वेंधळा.”

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. वळून बघावं तर मला ऐकू येतं हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग आणखी बरंच काही. स्लाइड दिसायला लागली होती. मी उगाचच मान डोलावली.

थोड्या वेळाने ट्यूबलाइट बंद झाली, लागली, बंद झाली, लागली. दोनदा. चहा.