नार्सिसचे साप बघायला जायचंय? मग हे वाचा

मे महिन्यात कॅनडात मॅनिटोबाकडे असाल तर नार्सिसला जाऊन याच. विनिपेगपासून उत्तरेला साधारण १३० किमी, आधी हायवे ७ ने ट्यूलन, तिथून हायवे १७ ने इनवूड, मग नार्सिस, आणि गावाच्या पुढे ६ किमीवर पार्किंग. दीड तास धरा.

हे गार्टर साप, लाल कडांचे, अंगावर पिवळट पट्टे, आपल्या नानेटीसारखेच निरुपद्रवी. फरक म्हणजे नानेटी अंडी घालते आणि या माद्या थेट पिल्लं देतात. इथली थंडी उणे तीसच्या खाली जाते, त्यात साप जगणार कसा? तर इथे जमिनीखाली चुनखडक आहे, त्याच्या भेगांतून साप गोठणाऱ्या थराच्याही खाली उतरतात आणि हजारोंनी एकत्र हिवाळा काढतात. एप्रिलच्या शेवटी ऊन आलं की नर आधी बाहेर येतात आणि विवराच्या तोंडाशीच माद्यांची वाट बघत थांबतात. मादी नरांपेक्षा बरीच मोठी, ती वर आली की वीस-पंचवीस नर, कधी त्याहून जास्त, तिला गुंडाळतात आणि सापांचा एक गोळाच गवतातून सरकत जातो. मी कठड्याला टेकून बघत होते तर एका गोळ्यातून मादीचं जाडसर डोकं मधेच बाहेर यायचं, जीभ लवलवायची, की लगेच तीन-चार नर आपली हनुवटी तिच्या पाठीवर घासत पुढे सरकायचे. तिच्या कातडीवरचा वास ते जिभेने टिपतात. आणि गंमत बघा, नुकत्याच वर आलेल्या काही नरांनाही मादीसारखा वास येतो, मग बाकीचे त्यांच्यावरच गोळा होतात आणि गारठलेल्या त्या नराला आयती ऊब मिळते! मला तर हे सगळ्यात भारी वाटलं. आवाजही ऐका, बोलणं थांबवलं की खाली सळसळ ऐकू येते.

पूर्वी हायवेवर दरवर्षी हजारो साप चिरडले जायचे, म्हणून आता रस्त्याखाली छोटे बोगदे आणि कडेला कुंपण केलंय. तरी तिथे गाडी हळूच चालवा, प्लीज.

आता कामाचं. ऊन असलेला उबदार दिवसच निवडा, पावसात किंवा गारठ्यात साप आतच बसतात, एवढं लांब जाऊन हिरमोड होईल. वीकेंडला गर्दी असते, जमलं तर मधल्या वारी जा. चार विवरं आहेत, त्यांना जोडणारी पायवाट सुमारे ३ किमी, एकाच ठिकाणी माणसं दिसली तर पुढच्याकडे जा. पाणी, खाणं बरोबर घ्या, पेट्रोल आधीच भरा. पाऊल टाकताना खाली बघा, साप वाटेवरही येतात. उचलू नका, घाबरला की घाण वासाचा द्रव सोडतो आणि तो वास हातावरून लवकर जात नाही. फुल पँट घाला आणि परत गाडीत बसायच्या आधी मुलांचे पाय, मान नीट तपासा, मे महिन्यात तिथल्या गवतात गोचीड भरपूर असतात. मे चुकला तर सप्टेंबरमध्ये साप परत येतात, पण असे गोळे तेव्हा दिसत नाहीत.