क्लच प्लेटवर उभं राहिलेलं गॅरेज

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीहून घुग्घुसकडे निघालं की कोळशाच्या गाड्यांची रांग लागते. त्याच रस्त्याला 1999 च्या उन्हाळ्यात आम्ही टिनाचं शेड टाकलं. भांडवल काय, तर एक चेन-पुली, रॉकेलची परात आणि उस्तादाकडे सात वर्षं घासलेले हात. पाटी रंगवायला पैसे नव्हते, म्हणून जळालेली क्लच प्लेट, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारी चकती, तारेनं खांबाला टांगली. ड्रायव्हर लोकांना ती वाचता येत होती. पाटी आजही तीच आहे.

कामाला तोटा नव्हता. उकणी, निलजई, मुंगोलीच्या खाणीतून कोळसा रेल्वे सायडिंगवर, म्हणजे मालगाडीत भरायच्या जागी, न्यायचा म्हणजे दिवसभर पहिला-दुसरा गिअर, चिखल, खड्डे आणि वजनकाट्यावरची रांग. हायवेवरच्या गाडीची प्लेट लाखाच्या वर किलोमीटर सहज काढते. सायडिंगच्या गाडीची पावसाळाभर टिकली तरी मालक खूश.

उस्तादानं एकच गोष्ट नीट शिकवली: प्लेट उतरवली की आधी ड्रायव्हर वाचायचा, मग पाना उचलायचा. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट जिथं घासते त्या इंजिनाच्या चाकावर, निळे डाग दिसले तर गड्यानं चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरली आहे. प्लेटच्या मधल्या हबच्या स्प्रिंगा तुटल्या तर क्लच झटक्यात सोडतो. रिलीज बेअरिंग ओरडत असेल तर पेडलवरचा पाय उचलतच नाही. आणि प्लेट तेलकट निघाली तर त्याला शिव्या देऊ नका, ऑइल सील गेलं आहे. मालक ड्रायव्हरला सोबत घेऊन यायचा, मी प्लेट हातात फिरवत उभा राहायचो आणि ड्रायव्हर माझ्या तोंडाकडे बघायचा. कितीतरी वेळा मी ‘प्लेटच हलक्या मालाची होती’ म्हणून मोकळा झालो. हे वाचून दोन-चार मालक चिडतील. चिडोत.

मधली वर्षं भराभर गेली. 2018 च्या जुलैत केंद्रानं ॲक्सलची वजनमर्यादा वाढवली, दहा चक्क्याच्या ट्रकचं भरल्या गाडीचं एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेलं. (आमच्याकडच्या गाड्या त्याआधी 25 मध्ये राहत होत्या असं कोणी समजू नये.) 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले. गाडीत लोखंडापेक्षा वायरच जास्त, असं आम्ही म्हणायला लागलो.

मग बिनक्लचची, म्हणजे क्लचचं पेडलच नसलेली गाडी आली. खाणीत माती उपसणाऱ्या ठेकेदारांच्या व्होल्वो टिपरमध्ये ही भानगड आधीपासून होती, पण त्या गाड्या त्यांच्याच कॅम्पात दुरुस्त व्हायच्या. आमच्या शेडसमोर पहिली उभी राहिली ती राजूरच्या चुनाभट्टीवाल्याची. ड्रायव्हर तीस वर्षांचा मुरलेला, डबल क्लचच्या जमान्यातला. उतरला आणि म्हणाला, “भाऊ, डावा पाय आता घरीच ठेवून येऊ काय जी?”

लोक तिला ऑटोमॅटिक म्हणतात, पण ती खरी एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. आत तोच दातांचा गिअरबॉक्स, तीच कोरडी प्लेट. क्लच हवेच्या दाबावर चालणारा ॲक्च्युएटर दाबतो, आणि कोणता गिअर कधी टाकायचा ते वेग, वजन, चढ बघून कंट्रोलर, म्हणजे गाडीतला संगणक, ठरवतो. पूर्ण ऑटोमॅटिक बघायचं तर खाणीतला मोठा डंपर बघा. त्यात टॉर्क कन्व्हर्टर असतो, ताकद तेलातून जाते, निघताना घासायला प्लेटच नसते. त्याची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते. म्हणून रस्त्यावरच्या ट्रकला एएमटीच परवडते.

भट्टीवाल्याची गाडी आठव्या महिन्यात प्लेट जळून आली. मला हसू आलं. बिनक्लचच्या गाडीतही निळे डाग! काट्याच्या चढावर रांगेत ब्रेक न लावता रेसवर गाडी धरून ठेवलेली. क्लच तापला की गाडी बीप देते, ती नको म्हणून आवाज येतो त्या जागी चिकटपट्टी मारलेली होती. प्लेट आम्ही एका दिवसात बसवली. पण गाडी जागची हलेना. नवीन प्लेट किती जाड, कुठं पकडते, हे कंट्रोलरला लॅपटॉप लावून शिकवावं लागतं. कंपनीच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला गाडी इकडे ओढून आणा. तीन दिवस गाडी उभी. भाडं बुडालं ते भट्टीवाल्याचं, नाव खराब झालं ते आमचं. त्या दिवाळीत ट्रॅक्टरसाठी जमवलेले पैसे कंट्रोलरशी बोलणाऱ्या स्कॅनरमध्ये घातले. पुतण्या आयटीआय झालेला, ते खातं त्याच्याकडे.

आता येणारी दुखणीच निराळी. हवेतली ओल काढणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज वेळेवर बदललं नाही की हवेच्या टाकीतलं पाणी व्हॉल्व्हमध्ये शिरतं आणि गिअर पडत नाही. बॅटरी ढिली तर गाडी रुसते, धक्का मारून चालू करायची सोय नाही. मागच्या हंगामात सरकी भरायला जिनिंगच्या आवारात दोन दिवस उभ्या असलेल्या गाडीची वायर उंदरांनी कुरतडली. गिअरबॉक्स ठणठणीत होता.

गाडी घेणारे विचारतात, कोणती घ्यावी? हैदराबाद लाइनला चालवायची असेल तर मी डोळे झाकून एएमटी सांगतो. रात्रभरात शेकडो वेळा क्लच दाबायचा त्रास वाचतो, आणि निर्मलजवळच्या महबूब घाटात न्यूट्रल मारून उतरायची खोड सुटते. न्यूट्रलनं डिझेल वाचतं हा जुना समज आहे. आजच्या कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या हिशोबानं डिझेल सोडणाऱ्या इंजिनात गिअरमध्ये असताना रेस सोडली की डिझेल बंदच होतं; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवायला ते जळत राहतं. आणि ब्रेक तापतात ते वेगळंच. फक्त सायडिंगच्या चिखलातच चालवायची असेल तर मात्र मी आजही क्लचची सांगतो. चिखलात ऐन जोर हवा तेव्हा कंट्रोलर गिअर बदलायला जातो आणि गाडी रुतते. हातानं गिअर टाकायची मॅन्युअलची कळ आहे, पण ती वापरणारा ड्रायव्हर मी अजून एकच पाहिला.

काल एक एएमटी सर्व्हिसला आली. ड्रायव्हर चहाला गेला होता, मी केबिनमध्ये चढलो, तर क्लच पेडल असायच्या जागी पाण्याची पाच लिटरची कॅन. पुतण्याला हाक मारून आधी ती बाहेर काढायला लावली. घरंगळून ब्रेकखाली गेली असती म्हणजे?