चर, लांबी, घोटाई

फ्लोरेन्सहून रोमला जाताना आमच्या सहलीचा सिएनाला साडेतीन तासांचा थांबा असतो. बस गावाबाहेर लागते, तिथून चढ चढून कॅथेड्रलपर्यंत जायचं. आत माहिती द्यायला परवाना असलेली तिथलीच गाईड असते. ती इंग्रजीत बोलते आणि मी शेजारी उभी राहून मराठीत सांगते. दोन वाक्यं तिची, दोन माझी. टूर मॅनेजरला हॉटेल, जेवण, पासपोर्ट असं सगळंच बघावं लागतं, पण मला मनापासून आवडतं ते हे काम.

मी सांगतेय तो दिवस सप्टेंबरमधला. सिएनाच्या कॅथेड्रलची फरशी जपण्यासाठी वर्षातला बराच काळ तिचा मोठा भाग झाकलेला असतो. अलीकडे जुलैत, आणि मग साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती पूर्ण उघडतात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये आलेल्या माणसाला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब दिसतात, वर घुमट दिसतो, पण पायाखाली काय आहे ते पुरतं कळत नाही. फरशीत ५६ चित्रं आहेत. चौदाव्या शतकात काम सुरू झालं आणि भर घालणं, दुरुस्त्या करणं एकोणिसाव्या शतकापर्यंत चाललं.

दारातून आत आलं की समोरच १४८८ सालचं हर्मीस त्रिस्मेगिस्तसचं चित्र लागतं. ख्रिस्ती देवळाच्या तोंडाशीच इजिप्तचा ज्ञानी पुरुष. तिथेच आमच्या गटातल्या एक आजी थांबल्या. "अगं, चित्रावर पाय कसा द्यायचा?" त्यांना पंढरपूरची नामदेवाची पायरी आठवली असणार. मुख्य चित्रांना दोरी लावलेली असते, पाय पडत नाही, हे सांगितल्यावर त्या पुढे निघाल्या; तरी शेवटपर्यंत कडेकडेनंच चालत होत्या.

गाईडनं जुन्या चित्रांची रीत सांगितली आणि मी तिचं मराठी केलं, "पांढऱ्या संगमरवरावर रेषा कोरून त्यात काळा रंग भरलाय."

मागून आवाज आला, "रंग नाही ताई. रंग पायाखाली टिकत नाही. लांबी असणार, चरात भरायचं लुकण."

हे सांगलीकडचे काका. वय सत्तरीला टेकलेलं. मुलीनं सहलीला पाठवलं होतं, आणि आठ दिवस बसमध्ये मागच्या सीटवर ते जवळजवळ काहीच बोलले नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी कोनशिला आणि नामफलक कोरले. देवळाच्या पायऱ्यांवर, सभामंडपाच्या फरशीत 'अमुक यांच्या स्मरणार्थ' अशा संगमरवरी पाट्या असतात ना, काळ्या अक्षरांच्या, तसल्या शेकडो. हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी गाईडला विचारलं. ती म्हणाली, बरोबर, काळं लुकण भरलंय, रंग नव्हे.

मग काका दोरीपाशी उकिडवे बसले. चष्मा कपाळावर सरकवला, फरशीच्या इतकं जवळ तोंड नेलं की तिथला पहारेकरी दोन पावलं पुढे आला. गाईडनं त्याला हातानं थांबवलं. "हे बघा ताई, इथे रेघ संपते तिथे. टोक गोल आहे. टाकीचं, म्हणजे छिन्नीचं, टोक असं गोल येत नाही, हे भोक आहे. आधी बारीक बारीक भोकं शेजारी शेजारी पाडलीत, मग मधला दगड टाकीनं काढून चर जोडलाय. सरळ टाकी घातली असती तर कडेचा टवका उडाला असता. संगमरवर लई दगाबाज. मग लांबी भरायची, सुकू द्यायची आणि वरून घोटाई."

मी हे इंग्रजीत सांगितलं. गाईड म्हणाली की छिद्रं पाडून आणि छिन्नीनं जोडूनच काम केलेलं आहे. ती काकांकडे वळून हळूहळू बोलायला लागली, जणू त्यांना कळेलच. तिथून माझं काम उलटं झालं. आता मराठीतून इंग्रजीत चाललं होतं, आणि प्रश्न तीच विचारत होती. भोकं किती खोल असतील? चर आतून रुंद ठेवायचा का? काका म्हणाले, "हो तर. आत थोडा जास्त कोरायचा, म्हणजे लांबी धरून राहते." ते स्वतः पाट्यांना तसंच करतात.

डाव्या बाजूला मात्तेओ दि जोव्हान्नी या चित्रकाराचं १४८१चं चित्र आहे. हेरोद राजाच्या हुकमावरून बेथलेहेमची तान्ही मुलं मारली जातायत, आया सैनिकांवर तुटून पडल्यायत. आजी म्हणाल्या, "कंसच की हा," आणि पुढे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. काका मात्र एका आईच्या कपाळावरची आठी बघत होते. जेमतेम बोटाएवढी रेघ. "इथे हात चुकला असता तर अख्खी शिळा बाद," एवढंच म्हणाले.

घुमटाजवळ बेक्काफूमी या चित्रकाराचं काम. सोळाव्या शतकातलं, म्हणजे कॅथेड्रलच्या मानानं बरंच अलीकडचं. इथे काका पहिल्यांदा गप्प झाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "इथे सावलीला रेघ मारलेलीच नाही." खरंच. बेक्काफूमीनं पांढरा, करडा आणि काळपट असे वेगवेगळे संगमरवर कापून एकमेकांत बसवले. अंगाचा उजेडातला भाग एका दगडाचा, सावलीतला दुसऱ्याचा. दगडाचीच सावली. काका सांधे शोधत होते. एक दोन सापडले, तेव्हा त्यांनी हाताचा तळवा मांडीवर आपटला, आपण गाण्याला दाद देतो तसा.

साधारण गट तिथून पिक्कोलोमिनी ग्रंथालयाकडे धाव घेतात. तिथली भित्तिचित्रं सुरेख आहेत, वाद नाही. पण फरशी उघडी असलेल्या दिवसांत मी तरी तो वेळ खालीच घालवीन.

शिल्पकार निकोला पिसानोच्या प्रवचनपीठाशी मात्र थांबलो. सिंहांच्या पाठीवर खांब, वर आठ कोनांत गच्च कोरलेली माणसंच माणसं. काकांनी कोरीवकाम बघितलं आणि विचारलं, "हे लोक रोजावर होते का उक्त्यावर, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गाईडला उत्तर ठाऊक होतं. १२६५चा करार शिल्लक आहे. काम रोजावर: निकोलाला दिवसाचे ८ सोल्दी (तेव्हाची नाणी), हाताखालच्या आर्नोल्फो आणि लापो यांना ६ आणि निकोलाचा मुलगा जोव्हान्नी याला ४.

"बापाच्या निम्मे," काका म्हणाले. "शिकणाऱ्याला तेवढेच. मलाही वडील निम्मेच द्यायचे." हाच जोव्हान्नी पुढे या कॅथेड्रलच्या दर्शनी बाजूचा मुख्य कारागीर झाला. तिथल्या त्याच्या मूर्ती आता संग्रहालयात आहेत. त्यांच्या माना पुढे काढलेल्या आहेत, कारण चौकातून वर बघणाऱ्याला चेहरा दिसायला हवा. हे ऐकून काका हसले. मग म्हणाले, "माझा मुलगा आता मशीनवर अक्षरं काढतो. कॉम्प्युटरला जोडलेलं आहे. सुबक येतात."

बाहेर आलो तेव्हा वेळ संपतच आली होती. नव्या, प्रचंड कॅथेड्रलची अर्धवट भिंत मी चालता चालताच दाखवली. १३३९मध्ये ठरलं की आहे ते कॅथेड्रल नव्याचा नुसता आडवा भाग होईल. १३४८मध्ये प्लेग आला, गाव ओस पडलं आणि पुढे काम सोडून द्यावं लागलं. त्या भिंतीच्या सावलीत सगळ्यांनी आईस्क्रीम खाल्लं. काकांनी जाता जाता भिंतीवर तळहात टेकवला.

रोमच्या वाटेवर मी वही घेऊन मागच्या सीटवर गेले. म्हटलं, काका, मघाचे शब्द मला लिहून द्या, पुढच्या गटाला सांगायला लागतील. त्यांनी माझ्याकडून पट्टी मागितली. नव्हती, तेव्हा पासपोर्टची कड धरून पेन्सिलीनं आधी शिरोरेषा मारून घेतली, दोन्ही बाजूंना सारखं अंतर सोडून. मग बस हलत असताना, एकेक अक्षर त्या रेषेला टांगत गेले. चर. टवका. लांबी. घोटाई. रोज. उक्तं.