सगळ्याला सेन्सिटिव्ह

लॅबमध्ये जंतूंचा रिपोर्ट टाईप करून झाला होता. फक्त सही बाकी होती आणि खालच्या टपरीवरून चहा यायचा होता. जुलैतला बेळगावचा पाऊस, जंतू वाढवायच्या प्लेटा धरायलासुद्धा हात गार पडलेले.

रुग्ण येळ्ळूरचा शेतकरी, वय चोपन्न. भातलावणीच्या गडबडीत थंडी-ताप आला, तो पाच दिवस अंगावर काढला. शेवटी सोनोग्राफी झाली तर यकृताच्या उजव्या बाजूला सात सेंटिमीटरचं गळू. साखर चारशेच्या वर. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं! नळी घालून काढलेला पू आमच्याकडे आला, त्यात वाढला क्लेबसिएला न्यूमोनिए हा जंतू. अँपिसिलिनला तो जन्मतःच दाद देत नाही, ते सोडलं तर प्रतिजैविकाच्या प्रत्येक डिस्कभोवती भलंमोठं मोकळं वर्तुळ, म्हणजे बाकी सगळी औषधं लागू.

हल्ली अशी प्लेट बघायला मिळत नाही. आयसीयूतून येणारे बरेच क्लेबसिएला कार्बापेनेमसारख्या राखीव प्रतिजैविकांनाही जुमानत नाहीत, त्यामुळे 'सगळ्याला सेन्सिटिव्ह' लिहिताना बरं वाटतं. मलाही वाटलं. वॉर्डातल्या डॉक्टरांना सकाळी फोनवर मीच म्हणाले होते, "सर, साधाच आहे."

मॅकाँकी या माध्यमाची जुनी प्लेट निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हच्या पिशवीत टाकायला उचलली. जंतूंच्या वसाहती गुलाबी, फुगीर, एकीत एक मिसळलेल्या. क्लेबसिएला तसाही चिकटच असतो, पण ह्या प्लेट कलती केल्यावर ओघळतील अशा होत्या. लूप, म्हणजे जंतू उचलायची कडी, टेकवून वर उचलला. तार आली. गुळाच्या पाकाची येते तशी, पण तुटेचना. पाच मिलिमीटरच्या वर ताणली तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. मी पट्टी लावली तेव्हा तीन सेंटिमीटर झाली होती आणि माझा हात अजून वरच जात होता.

ही चाचणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. आमच्याकडे ती 'वेळ मिळाला तर' या यादीत होती.

मधुमेह, यकृतात गळू आणि अशी तार, हे त्रिकूट पुस्तकातलं आहे. 1986 साली तैवानच्या डॉक्टरांनी असे सात रुग्ण नोंदवले होते, यकृतात गळू आणि रक्तातून जंतू थेट डोळ्यात. वॉर्डात फोन लावला. सिस्टर कानडीतून म्हणाल्या, "हौद्री मॅडम, कण्णु केंपागैत्री." डोळा लाल झालाय. मागून मुलाचा आवाज आला, "कालपास्नं धुकं दिसूलालंय म्हणूलालेत. आमी म्हटलं, तापानं असंल."

पुढच्या तासाभरात नेत्रतज्ज्ञ आले. उजव्या डोळ्यात बुबुळामागं पू, डाव्यात नुकती सुरुवात. दोन्ही डोळ्यांत थेट प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं. मी चहा न पिता रिपोर्ट फाडला आणि नव्यानं लिहिला.

दुपारी आमच्या ट्रेनी मुलीनं विचारलं, "मॅडम, औषधं सगळी लागू पडतात, मग एवढा वाईट कसा?" प्रश्न रास्त होता. औषधाला न जुमानणं आणि माणसाला पोखरणं ही जंतूची दोन वेगळी खाती आहेत. या जंतूचं पोखरण्याचं खातं बरंचसं त्याच्या कवचावर चालतं. कवच साखरेच्या लांब साखळ्यांचं. त्यावरून आपल्या पांढऱ्या पेशी शेवाळावरून पाय घसरावा तशा घसरतात, जंतू त्यांच्या हाती लागत नाही.

साखळ्या बाहेर सोडण्याच्या कामावर डब्ल्यूझेडसी नावाचं प्रथिन असतं. त्याच्या शेपटाला टायरोसिन या अमिनो आम्लाची रांग असते आणि हे रेणू एकमेकांच्या टायरोसिनवर एटीपी या ऊर्जेच्या रेणूतला फॉस्फेट चिकटवतात. डब्ल्यूझेडबी नावाचं दुसरं प्रथिन तो काढून घेतं. वाटेल की चिकटला की चालू, काढला की बंद, दिव्याच्या बटणासारखं. तसं नाही. मी वडगावची, घरात माग होते. धोटा उजवीकडं अडकला तरी कापड थांबतं, डावीकडं अडकला तरी थांबतं. त्याचं येणं-जाणं म्हणजेच विणणं. इथंही फॉस्फेट कायमचा चढलेला असला तरी कवच नाही, कधीच न चढला तरी नाही. 2021 मध्ये ई. कोलाय या दुसऱ्या जंतूमधल्या याच प्रथिनाची रचना प्रसिद्ध झाली: फॉस्फेट नसताना आठ रेणू कडं करून बसतात, फॉस्फेट चढले की कडं सुटतं. तार येते ती मात्र नुसत्या जाड कवचानं नाही. आरएमपीडी नावाचं चिमुकलं प्रथिन या डब्ल्यूझेडसीलाच जाऊन भिडतं, मग साखळ्या लांब आणि एकसारख्या निघतात.

ती म्हणाली, "म्हणजे डब्ल्यूझेडसी बंद पाडलं तर?" मी म्हटलं, त्या वाटेनं औषध शोधणारे आहेत, पण वॉर्डात आज सेफ्ट्रायॅक्सोन हे प्रतिजैविकच द्यायचं आहे. आणि खरं सांगायचं तर तार ओढताना यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात एवढंच होतं की सकाळी मी 'साधाच आहे' म्हणाले होते.

आता तार ओढल्याशिवाय आमच्याकडे क्लेबसिएलाचा रिपोर्ट बाहेर जात नाही.

दसऱ्याच्या आसपास ते शेतकरी साखर तपासायला आले, सोबत मुलगा. मी आत बोलावून डोळ्यांचं विचारलं. डावा चांगला होता. मग त्यांनी डावा डोळा तळव्यानं झाकला आणि माझ्याकडं तोंड करून थोडा वेळ बघत राहिले.

"कोट पांढरा दिसूलालाय," म्हणाले. "तोंड न्हाई दिसत."

मुलगा म्हणाला, "चला पप्पा, येळ्ळूरची बस जाईल." बाहीची गुंडी लावत ते उठले.