9 तारखेची तपासणी

आज 9 तारीख, म्हणून धाकट्या जावेला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले होते. सातवा महिना चालू आहे तिला. सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या याच तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, त्यामुळे गर्दी होतीच.

वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळं झालं. मग डॉक्टर मॅडमनी कार्डावर लिहिता लिहिता विचारलं, "झोप लागते का गं?" तर ही एकदम रडायलाच लागली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "परत मुलगीच झाली तर, हेच डोक्यात असतं." एका घरात राहतो आम्ही, आणि मला पत्ता नाही!

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, रोजच्या बारीकसारीक काळजीने बाळाला काही होत नाही. ताण आला की आईच्या रक्तात वाढणाऱ्या कॉर्टिसोल या हार्मोनपासून वार (प्लॅसेंटा) त्याला बरंच सांभाळते. पण महिनोन्महिने धास्ती राहिली की दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा, बाळाचं वजन अडीच किलोच्या खाली राहण्याचा धोका वाढतो. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरच्यांनी ऐका जरा हे."

खरंच आहे. 'टेन्शन घेऊ नकोस' असं आम्ही तिला कितीदा सांगितलं असेल, आणि टेन्शन देणारी तोंडंही आमचीच. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. तिने का जिवाला घोर लावून घ्यायचा?

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री दीर कामावरून आले की त्यांनाही बसवून बोलणार आहे मी.